घट धरून

पहिला अल्बम म्हणजे नुसती एक फाईल,
माझ्याच फोनवर घेतलेली, हरिपुरात,
पुरानंतर रिकामं पडलेल्या हळदीच्या पेवात.
उतरण्याआधी तौफिकनं दोरीला कंदील बांधून सोडला.
विझला नाही. मग एकेक करून आम्ही खाली.
गिटार तिरकी करून घ्यावी लागली, तोंडातून जाईना.
आठवडाभर कपड्यांचा वास गेला नाही.
आईनं विचारलं, कुणाची हळद होती गं?

चौथ्या गाण्याच्या शेवटी मी हसलेय.
नेमिनाथचा सूर फाटला
आणि वर कुणाचीतरी म्हैस रेकली
बरोबर त्याच पट्टीत.
हसू ठेवलं त्यांनी. म्हशीलाही ठेवलं.
गॅदरिंगला लोक ओरडायचे, म्हशीचं घ्या, म्हशीचं!

आता नवा आलाय. पुण्यात केलेला,
बारा दिवस, काचेच्या खोलीत, एसी बंद ठेवून.
काल रात्री मार्केट यार्डात, दिगूच्या वडिलांच्या शेडमध्ये
सगळ्यांनी मिळून ऐकला,
मधे भडंगाचा पुडा फाडून.

पहिल्या गाण्याला कुणी बोललं नाही.
दुसऱ्याला सन्मती म्हणाली, शब्द कळतात की आता!
तीन वर्षं मी ‘नदीला ताप’ ऐकत होते,
‘नदीला माप’ आहे होय ते?
आणि हिरमुसली. ताप बरा होता म्हणे.

कुंतिनाथ, ज्यानं दंडावर यांचं नाव गोंदून घेतलंय,
उठून बाहेर गेला, गाडीला किक मारली,
बंद केली, परत आला.
“घरातलं माणूस कोट घालून दारात उभारल्यागत वाटतंय.
आत या म्हणायचं का बसा म्हणायचं?”
त्याचा धाकटा भाऊ तिकडं तेच गाणं चौथ्यांदा लावत होता.
“दादा, ह्यात ड्रम पोटात वाजतोय.
तुमच्या त्यात पत्र्यावर वाजायचा.”

तौफिकचे मामा, इद्रिसचाचा, मिरजेत सतारी करतात.
चष्मा पुसत म्हणाले, जवारी बंद केलीये पोरांनी.
वाईट नाही. बंद जवारीचा सूर गोड असतो.
पण घासताना हात आवरावा लागतो बेटा,
घासलेलं परत येत नाही. मग घोडीच नवी लागते.

पॉलिशचा ड्रम मागं फिरतच होता.
दिगूच्या वडिलांनी ओंजळभर हळकुंडं आणून टाकली
भडंगाशेजारी. निम्मी मातकट, मुळ्यांसकट,
निम्मी ड्रममधून निघालेली, पिवळीधम्मक.
“बिनपॉलिशला भाव कोण देतं?
क्विंटलला सात-आठ किलो घट जाते. धरूनच चालायचं.”
दिगूनं विचारलं, “बाबा, घट जाते कुठं?”
“जाते कुठं? हितंच असते. माझ्या नाकात बघ.”

सहावं गाणं ते म्हशीचं निघालं. पुन्हा म्हटलेलं.
त्या जागी आता नेमिनाथचा सूर फाटत नाही.
चढतो, थांबतो, नीट उतरतो.
मी हसण्याच्या जागेवर येऊन उभी राहिले
तर तिथं शांतता. इतकी स्वच्छ
की ड्रमची घरघर ऐकू आली
आणि कुणीतरी शेंगदाणा चावला ते.
सगळे माझ्याकडं बघत होते.
मी पुड्यात कढीपत्ता शोधत होते.

नंतर पायरीवर त्यानं विचारलं,
“राग आला?”
म्हटलं, नाही. गाणं चांगलं झालंय.
म्हटलं, मला तिथं आता काही काम नाही.
दोन्ही खरं होतं. तो ‘बरं’ म्हणाला
की ‘बरंय’, ते नीट कळलं नाही,
आणि मीही परत विचारलं नाही.

आयर्विनवरून सांगलीवाडीला चालत आले.
एका कानात नवं लावलेलं, दुसरा उघडा.
खाली नदी बेताचीच.
ती जागा आली. हसू नाही आलं,
खोकला आला. पिवळा.
मागच्या ट्रॅक्टरनं हॉर्न दिला.
म्हशीच्या पट्टीत नव्हता तो.
थोडा खाली.